उपाशी टाकी

१

मंगळवारी सकाळी अनसिंगच्या शेवाळ केंद्रातली चोरी उघडकीला आली, तेव्हा चोरी झालेली टाकी काठोकाठ भरलेली होती. फाटकाचं कुलूप शाबूत होतं, पाण्याचा थेंब कुठं सांडलेला नव्हता, आणि टाकी गेल्या आठवड्यापेक्षा कितीतरी देखणी दिसत होती. झाडलोट करणारी रामीबाई तर खूश होती.

"बाई, तुही टाकी बरी झाली व!" तिनं फाटकातच झाडू थांबवून सांगितलं. "कशी पिवळी पडली होती, कावीळ झाल्यावानी. आता पाह्य, हिरवीगार!"

त्या टाकीवर संशोधन करणारी साक्षी पडघान विद्यापीठातलं तीन दिवसांचं काम उरकून अमरावतीहून पहिल्या एसटीनं थेट इथंच उतरली होती. रामीबाईचं बोलणं पुरतं ऐकून न घेताच ती धावली. टाकीपाशी पोचली आणि तिचे हातपायच गळाले.

आता हिरवं पाणी पाहून कोणाचे हातपाय का गळावेत, हे सांगायला हवं. शेवाळ म्हटलं की आपल्याला न्हाणीतली निसरडी फरशी आठवते. या केंद्रातलं शेवाळ त्याच्याच भाऊबंदातलं, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. एक जीव म्हणजे एकच पेशी. युरियात असतं ते नत्र पोटभर मिळालं की ते भराभर वाढतं आणि पाणी हिरवंगार होतं. नत्र तोडलं की वाढ खुंटते. ऊन मात्र रोज मिळतच असतं. मग ते बिचारं त्या उन्हाचं तेल करून पोटात साठवायला लागतं, वाईट दिवसांची बेगमी म्हणून. हिरवा रंग उतरतो, पाणी पिवळं पडतं. त्या तेलापासून डिझेलसारखं इंधन करता येतं. म्हणजे बघणाऱ्याला जी टाकी मरायला टेकलेली वाटते, तीच खरी भरलेली असते. अशा टाकीला कोणी पुन्हा नत्र दिलं, की शेवाळ साठवलेलं तेल मोडून खातं आणि नव्यानं वाढीला लागतं.

साक्षीची टाकी कोणीतरी जेवू घातली होती. तिनं थेंबभर पाणी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. शुक्रवारी एकेका पेशीत तेलाचे टपोरे थेंब चमकत होते. आज तिथं नुसती हिरवळ होती.

उद्या, बुधवारी, तपासणी समिती येणार होती. साक्षीच्या टाकीतलं तेल त्यांच्यासमोर काढून दाखवायचं, आणि मग हे केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं ते समिती ठरवणार, असं होतं. शेजारची तिसरी टाकी तिचा सहकारी उत्कर्ष सोनोने याची. ती उशिरा उपाशी ठेवलेली, अजून अर्धीकच्ची. पहिलीत तर नुसतं बियाणं. म्हणजे केंद्राची सगळी अब्रू साक्षीच्या एका टाकीवर होती, आणि ती अब्रू शेवाळानं खाऊन टाकली होती.

केंद्रप्रमुख नीलिमा मॅडम कुंपणाला वळसा घालून आल्या, त्या हातात एक रिकामी पुडी घेऊनच. पाण्यात विरघळणाऱ्या खताची पुडी होती.

"हे त सैफुद्दीनभाऊच्या दुकानातलं," रामीबाई म्हणाली. "बाकी कोनापाशी नाही भेटत."

सैफुद्दीन म्हणजे रस्त्यापलीकडचे खतबियाण्याचे दुकानदार. केंद्राची जागा त्यांचीच. म्हणून फाटकाची एक किल्ली त्यांच्याकडं असायची. गोदामासाठी जागा परत मिळाली तर बरं होईल, असं ते मागे एकदा बोलून गेले होते. साक्षीला एवढं पुरेसं होतं. ती तशीच रस्ता ओलांडून दुकानात शिरली. बाकावर चार गिऱ्हाइकं बसली होती, त्यांचंही तिला भान राहिलं नाही.

"चाचा, जागा हवी होती तर तोंडानं मागायची होती! काल रात्री चोरासारखं आत शिरून माझ्या टाकीत खत कशाला टाकलंत?"

पांढऱ्या दाढीच्या सैफुद्दीनचाचांनी हातातलं माप खाली ठेवलं. चार गिऱ्हाइकांनी माना वळवल्या.

"म्या तुह्या टाकीत काही टाकलं नाही, पोरी."

"मग कोणी टाकलं?"

 चाचा उठले आणि भरदिवसा दुकानाचं शटर त्यांनी अर्ध्यावर ओढून घेतलं.

"याच्यापुढं मले काही इचारू नको," ते म्हणाले.

२

नीलिमा मॅडम पोलिसांत जायला निघाल्याच होत्या. पण मंगरूळपीरला त्या ज्यांच्या घरात भाड्यानं राहत, त्या घरमालकीणबाई वच्छला खडसे पोलिसांतून जमादार म्हणून निवृत्त झालेल्या. आधी त्यांना विचारावं म्हणून मॅडमनी फोन केला आणि दुपारच्या एसटीनं बाई येऊन हजर झाल्या.

बुटक्या, गोल, नाकावर घसरलेला चष्मा आणि हातात फुटाण्यांचा पुडा. ही बाई कधी काळी आरोपींना बोलतं करत होती, असं कोणाला वाटलं नसतं. गुन्हेगारापुढं काठी आपटण्यापेक्षा फुटाणे ठेवावेत, तो लवकर बोलतो, असं त्यांचं मत होतं. त्यांनी पहिली मूठ साक्षीपुढं केली.

"मले शेवाळातलं काही कळत नाही. एवढंच सांग, पिवळ्याचं हिरवं व्हायले किती वेळ लागते?"

"दीड-दोन दिवस तरी..." साक्षी म्हणाली आणि तिचा घास अडकला.

काल रात्री, असं ती दुकानात ओरडली होती. काल रात्री खत पडलं असतं, तर आज सकाळी टाकी पिवळीच दिसली असती. हे तिच्याच अभ्यासातलं होतं, पहिल्या वर्षाच्या पोरालाही समजावं असं. आणि चार माणसांत एका म्हाताऱ्याला चोर ठरवताना तिला ते आठवलंसुद्धा नव्हतं. तिचे कान तापले.

"म्हंजे आयतवारी झालं," वच्छलाबाई म्हणाल्या. "आयतवारी इथं कोण असते?"

"रविवारी? कोणीच नाही," नीलिमा मॅडमनी सांगितलं. "किल्ल्या तीनच. एक माझ्याकडं, एक उत्कर्षकडं आणि एक सैफुद्दीनभाईंकडं. मी रविवार-सोमवार वाशीमला होते. म्हणजे संशय फिरून तिथंच येतो."

"येऊ द्या. संशयाले कोण अडवते." बाईंनी चष्मा वर केला. "टाकी पिवळी पडली म्हणून आजवर कोण कोण बोललं, थे सांग मले."

"सगळेच," साक्षी म्हणाली. "रामीबाई तर रोजच. उत्कर्ष हसायचा, तुझी टाकी आजारी आहे म्हणून. चाचा एकदा म्हणाले. शुक्रवारी डबा द्यायला एक गावाकडचे आले होते, तेही म्हणाले."

"थे काय म्हणले?"

"हेच. उपाशी आहे म्हणाले. सगळे तेच म्हणतात."

वच्छलाबाईंनी एक फुटाणा सोलला, तोंडात टाकला, आणि मग एकेकाला बोलावून एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली. पिवळी टाकी पाहून तुम्हाला काय वाटलं?

"मले त किळस आली," रामीबाई म्हणाली. "पन मी हात नाही लावत बाप्पा त्याले. वास येते. चाहाचा गाळबी त्यात नाही, बाहेर नालीत टाकते."

"मला भीती वाटायची," नीलिमा मॅडमनी कबूल केलं. "असं होणार हे पुस्तकातून माहीत होतं. तरी रोज वाटायचं, खरंच मेलं तर?"

उत्कर्ष अकोल्याचा, शिक्षकाचा मुलगा. बोलण्यात चटपटीत. पण या प्रश्नावर तो आधी खाली बघायला लागला.

"काय वाटणार? चांगलं चाललंय असं वाटलं. पिवळं म्हणजे तेल."

"खुशी झाली?"

"...नाही." त्याचे कान लाल झाले होते.

"आयतवारी कुठं होतास?"

"अकोल्याला. घरी."

"आन् सोमवारी?"

"इथंच."

"मंग मले सांग," वच्छलाबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "सोमवारी थे पाणी कोणत्या रंगाचं होतं?"

उत्कर्ष साक्षीकडं न बघता म्हणाला, "मला दिसलं होतं."

३

सोमवारी दुपारीच पाण्यावर हिरवी झाक आली होती. त्याच वेळी साक्षीला किंवा मॅडमना फोन केला असता, तर टाकी लगेच उपसून निम्मं तेल तरी वाचलं असतं. उत्कर्षनं फोन हातात घेतला होता आणि परत खिशात ठेवला होता.

"मला वाटलं, होऊ दे," तो म्हणाला. "सगळे रोज तिच्याच टाकीचं बोलायचे. पण मी खत टाकलेलं नाही, बाई. आईची शपथ."

"नाही टाकलं तू," बाई म्हणाल्या. "टाकणारानं 'मले दिसलं' असं कायले कबूल केलं असतं?"

सुटल्यासारखं वाटण्याऐवजी उत्कर्ष भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. साक्षीला त्याचा राग यायला हवा होता. पण सकाळचं अर्धं शटर तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि दुसऱ्यावर रागवायला तिला तोंड नव्हतं.

"आता टाकी दाखव," वच्छलाबाई म्हणाल्या.

दोघी टाकीच्या काठाशी बसल्या. एका कोपऱ्यात पांढरा फेस साठला होता. सकाळी साक्षीला वाटलं होतं, शेवाळच सडतंय. बाईंनी बोटानं फेस उचलला आणि तिच्यापुढं धरला.

"हे काय होय?"

साक्षीनं तो चोळून पाहिला. बुळबुळीत. नाकाशी नेला. आणि तिला एकदम वावरातला निळा ड्रम आठवला, ती लहानपणी काठीनं ढवळायची तो. सोयाबीनवर औषध फवारायचं तर नुसतं पाणी पानावरून घसरून जातं, म्हणून त्यात टोपणभर चिकट द्रावण घालतात. त्याला सगळे स्टिकर म्हणतात. ढवळलं की असाच फेस यायचा.

"स्टिकर," ती म्हणाली. "फवारणीत घालतात ते."

"पान्यात फवारायले स्टिकर कायले लागते?"

"लागत नाही. काहीच उपयोग नाही त्याचा. पण हाताला सवय असली की..."

बाईंनी काठाकडं बोट दाखवलं. काळ्या प्लास्टिकवर वाळलेल्या मिठासारखे बारीक पांढुरके ठिपके पडले होते. एका जागी दाट, एका जागी विरळ असं नाही. चारही बाजूंनी सारखे.

"मले शेतीचा गंध नाही, माहं आयुष्य पोलीस लायनीत गेलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "पन वाईट करणारे लय पाहिले. वाईट करणारा पुडी फोडते, ओतते आन् पळते. हा मानूस पाठीवर पंप घेऊन, कडंकडंनं चालत गेला. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. असं कोणी दुस्मनाचं करते का व?"

"नाही."

"बाजूची टाकीबी पिवळीच हाये. तिले काहून नाही फवारलं?"

 "दुसऱ्याच्या वावरात कोणी फवारत नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिनं कोणाच्या तोंडून ऐकलं होतं, ते तिला आठवलं.

"आन् हे पाह्य."

टाकीच्या काठाला पत्र्याची छोटी पाटी होती: साक्षी पडघान. पाटीच्या डावीकडं ठिपके होते, उजवीकडं ठिपके होते, खालच्या खांबावरही होते. पाटी मात्र लख्ख होती. फवारा उडाल्यावर कोणीतरी फडकं घेऊन तेवढं नाव पुसलं होतं. कोपरेसुद्धा सोडले नव्हते.

नीलिमा मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "पण मग सैफुद्दीनभाई गप्प का? त्यांनी नाही केलं तर ते सांगत का नाहीत?"

"थे काय म्हणले, मले सांगतलं ना तुमी? 'म्या टाकलं नाही.' बरोबर? 'मले माहीत नाही' असं नाही म्हणले. मानूस दोनच कारनानं असा चूप बसते. एक स्वतःचं पाप, नाही त दुसऱ्याची इज्जत." वच्छलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. फुटाण्याचा पुडा त्यांनी मिटला. "साक्षी, एकच राह्यलं. तुहा डबा कोण आनते व?"

४

साक्षीनं उत्तर द्यायच्या आधीच नीलिमा मॅडम बोलल्या. "ते गावाकडचे कोणीतरी आहेत. शुक्रवारी मी विचारलं होतं ना, साक्षी? तू म्हणालीस, गावाकडचे आहेत, डबा द्यायला आलेत."

म्हणाली होती. हातभर अंतरावर उभी राहून म्हणाली होती. मॅडमनी सहज विचारलं होतं, कोण गं हे? आणि साक्षीच्या मनात नसताना ते शब्द बाहेर पडले होते. समोर उभ्या माणसाच्या सदऱ्यावर सोयाबीनचे डाग होते, पायात चिखलाच्या वहाणा होत्या, आणि तो टाकीत वाकून मोठ्यानं म्हणत होता, "अव बाई, हे त उपाशी हाये! पिवळं कसं पडू देलं?" मॅडमसमोर. पुण्याहून शिकून आलेल्या मॅडमसमोर. तिनं पुस्तकी मराठीत सांगितलं होतं, "तुम्हाला नाही कळणार त्यातलं. तुम्ही जा आता. आणि बुधवारी येऊ नका, पाहुणे यायचे आहेत." त्या माणसानं डबा भिंतीवर ठेवला होता आणि काही न बोलता तो गेला होता.

"माझे वडील आहेत ते," साक्षी म्हणाली.

 नीलिमा मॅडमनी नजर दुसरीकडं वळवली, ही त्यांची सभ्यता होती, पण ती साक्षीला थपडेसारखी लागली. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. तसं काही होत नसतं. तिला रस्ता ओलांडावा लागला. वच्छलाबाई तिच्या मागोमाग निघाल्या.

शटर अजून अर्ध्यावरच होतं. बाकावरची चार माणसं बदलली होती, पण बाक भरलेलाच होता. साक्षी वाकून आत गेली आणि सगळ्यांच्या देखत चाचांच्या पाया पडायला लागली. चाचांनी तिला वरच्यावर धरलं.

"चाचा, माझं चुकलं. सकाळी मी नाही ते बोलले. तुम्ही काही केलं नव्हतं."

"हाओ, नव्हतं केलं," चाचा म्हणाले. "बस खाली."

"बाबा आले होते ना, रविवारी?"

चाचांनी वच्छलाबाईंकडं पाहिलं, मग उसासा टाकला. "पंप घेऊनच आलता शेषराव. म्हणे, सैफुद्दीन, पोरीचं पीक हातचं जाऊन राह्यलं. बुधवारी मोठे लोक येतीन, पिवळं पाहून तिले नावं ठेवतीन. पोरगी कामानं थकली, तिच्या ध्यानात नाही आलं.  लेकीच्या टाकीपाशी बापाले कोण अडवते? म्या पुडी देली, फाटकबी उघडून देलं. निंगताना बुधवारी ये म्हटलं, त नाही म्हणे, मी नाही येत."

"मग सकाळी का नाही सांगितलंत? मी एवढं बोलले तुम्हाला. लोकांसमोर."

 चाचांनी बाकावरच्या माणसांना हातानं खूण केली, आणि ती माणसं उठून बाहेर गेली.

"शुक्रवारी मी कुंपनापाशी उभा होतो, बेटा," ते हळूच म्हणाले. "'तुम्हाला नाही कळणार' असं तू बापाले म्हणली, थे म्या ऐकलं. मॅडमले काय सांगतलं, थेबी ऐकलं. अन् शेषरावनं ऐकलं, थे म्या पाह्यलं. सकाळी तुहा राग पाहून मले समजलं का त्याच्या हातून काही तरी वाकडं झालं. नाव घेतलं असतं त तू तशीच घरी गेली असती. मले चोर म्हण, मी दुकानदार मानूस हाये, दोन दिवसानं लोक इसरतीन. त्याले पुन्हा तसं बोललेलं मले नव्हतं ऐकायचं."

साक्षीला रडू आवरलं नाही. वच्छलाबाईंनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "आता बापाले काय सांगशील? त्याले वाटून राह्यलं, त्यानं टाकी वाचवली."

"नाही सांगितलं तर?"

"त त्याले सुख भेटंल," बाई म्हणाल्या. "अन् तू पुन्हा तेच म्हणली असं होईल, का त्याले काही कळत नाही."

५

संध्याकाळी साक्षी घरी पोचली, तेव्हा शेषराव पडघान अंगणात होते. दोरीवर त्यांचा पांढरा सदरा वाळत होता. जयंतीला आणि लग्नकार्याला घालायचा. तिला पाहून त्यांचा चेहरा फुलला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखे ते सावरले.

"आली का? मी येणार नाही हो उद्या. सदरा धुतला आपला, फाटकाबाहेरून पाहीन म्हटलं, दुरून." मग त्यांना राहवलं नाही. "झाली ना हिरवी?"

"झाली, बाबा."

"मले माहीतच होतं!" ते हसले. "पिकाले खायले घातलं का थे बोलते."

खोटं बोलायचं असतं तर ही वेळ होती. साक्षी ओट्यावर बसली. कॉलेजात गेल्यापासून जी बोली तिनं घराच्या उंबऱ्यावर काढून ठेवायची सवय लावून घेतली होती, त्याच बोलीत तिनं सांगायला सुरुवात केली. "बाबा, थे उपाशीच ठेवा लागते. उपाशी राह्यलं का थे पोटात तेल धरते..." तिनं सगळं सांगितलं. उन्हाचं तेल कसं होतं, पिवळं का पडतं, खायला मिळालं की धरलेलं तेल कसं जिरतं. समितीचं सांगितलं. सैफुद्दीनचाचांना काय बोलली, तेही लपवलं नाही. मध्ये त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही मुद्द्याचे होते. इतक्या वर्षांत तिनं त्यांना एवढा वेळ सलग काही सांगितलं नव्हतं.

शेषरावांचं हसू हळूहळू मावळलं. ते आपल्या हातांकडं बघायला लागले.

"म्हंजे मी तुहं तेल बुडवलं."

"तुमी नाही, बाबा. म्या सांगतलंच नव्हतं."

"येवढं सांगतलं असतं त..." ते म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. शुक्रवारचा विषय त्यांनी काढलाच नाही. काढला असता तर बरं झालं असतं, साक्षीला निदान माफी तरी मागता आली असती. ते उठले, दोरीवरचा अर्धवट ओला सदरा त्यांनी काढला, घडी घातली आणि आत पेटीत नेऊन ठेवला.

बुधवारी समिती आली. तिघं होते, त्यातले पांढऱ्या केसांचे अध्यक्ष टाकीपाशी थांबले आणि म्हणाले, "अहवालात तर पिवळी म्हटलंय."

"हो सर. रविवारी टाकीला खत मिळालं. तेल गेलं," साक्षीनं सांगितलं. नीलिमा मॅडम मध्ये काही बोलणार होत्या, पण तिनं बोलणं पुरं केलं. "चूक माझी. ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. पुन्हा उपाशी ठेवली तर ही टाकी पुन्हा तेल धरेल. मला वेळ हवा आहे."

तेवढ्यात उत्कर्षनं न सांगता आपल्या टाकीतलं पाणी काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शक अध्यक्षांपुढं सरकवला. तेल थोडंच होतं, पण होतं. अध्यक्षांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. निर्णय आज देत नाही, पुन्हा येऊन बघू, एवढंच ते म्हणाले. त्यात आशा किती आणि उपचार किती, हे कोणालाच कळलं नाही.

त्यांना गाडीपर्यंत पोचवायला सगळे फाटकाशी आले. फाटकाबाहेर, भिंतीला अंग चोरून, शेषराव उभे होते. अंगात रोजचाच डागांचा सदरा, हातात डबा. एवढी माणसं पाहून त्यांनी परत फिरायचा प्रयत्न केला, पण वाटेत गाडी होती. रस्त्यापलीकडं शटर पूर्ण उघडं होतं आणि सैफुद्दीनचाचा दारात येऊन बघत होते.

"नमस्कार," अध्यक्ष म्हणाले. "आपण कोण?"

शेषरावांनी एकदा लेकीकडं पाहिलं. तिला अडचण होऊ नये म्हणून ते घाईनं बोलले.

"गावाकडचा मानूस हाये जी. डबा द्याले आलतो."

 साक्षीचेच शब्द होते, एकही इकडचा तिकडं झालेला नव्हता. ती पुढं झाली आणि तिनं त्यांचा डब्याचा हात धरला.

"नाही सर," ती म्हणाली, रस्त्यापलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "हे माहे बाबा हायेत. शेषराव पडघान."

अध्यक्षांनी हात जोडले. शेषराव गोंधळून डबा सांभाळत हात जोडायला लागले. साक्षी मात्र जमिनीकडंच बघत राहिली, कारण तिला अजून बाबांकडं मान वर करून बघवत नव्हतं.